बटणवाल्यांच्या मास्टरचं एक वर्ष

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. तीच चार माणसं, तीच जागा आणि दर आठवड्याला अंगावर चढवायचे तेच कपडे एवढं असलं की ते आपोआप साठत जातात. गेल्या रविवारी मेडनहेडला नंदिनीकडे हळदीकुंकू होतं. तिथं एका नव्या मुलीनं विचारलं, "काकू, काका गाऊन घालून लंडनमध्ये मिरवायचे म्हणे, ते नक्की काय होतं हो?" एक सांगायला गेले तर त्याच्यामागून दुसरा निघाला, दुसऱ्यामागून तिसरा. वाण घेऊन घरी जायचं सोडून बायका बसूनच राहिल्या. नंदिनी म्हणाली, "काकू, लिहून काढा, नाहीतर विसराल." मी काही विसरत नाही. पण काका आता फारसं बोलत नाहीत, तेव्हा लिहायचं काम माझ्याकडेच आलं.

आधी थोडं समजावून सांगते. लंडनच्या जुन्या सिटीत धंदेवाल्यांच्या पाचपाचशे वर्षांच्या संस्था आहेत. सोनारांची वेगळी, सुतारांची वेगळी, मासे विकणाऱ्यांची वेगळी. त्यांना लिव्हरी कंपनी म्हणतात. पूर्वी हे लोक धंद्याचे नियम ठरवायचे, आता दानधर्म करतात आणि जेवतात. जेवतात फार. आमची कंपनी बटणवाल्यांची. तिच्यात वकील होते, दातांचे डॉक्टर होते, एक रिटायर्ड पायलट होता. खरोखरची बटणं बनवणारे उरले होते तिघं, आणि त्यातले एक आमचे हे.

हे म्हणजे श्रीधर करमरकर, सांगलीचे इंजिनियर. कॉव्हेंट्रीत आधी मोटारीच्या कारखान्यात नोकरी केली, मग एका शेडमध्ये दोन जुने प्रेस टाकून पितळी बटणं बनवायला लागले. बँडवाल्यांची, पोलिसांची, रेल्वेची. कंपनीच्या हॉलवर पहिल्यांदा गेले ते बटणांचं खोकं पोचवायला, मागच्या दारानं. तिथल्या माणसानं अर्धा तास दाराशी उभं केलं. समोर भिंतीवर सगळ्या जुन्या मास्टरांची नावं सोनेरी अक्षरांत लिहिलेली. घरी आल्यावर मला म्हणाले, "त्या फळीवर खाली बरीच जागा आहे गं." मला वाटलं, थट्टा करतायत.

थट्टा नव्हती. सभासद, म्हणजे त्यांच्या भाषेत लिव्हरीमन, झाले, एकेक पायरी चढत गेले आणि बावीस वर्षांनी नंबर लागला. मास्टर म्हणजे कंपनीचा एका वर्षाचा अध्यक्ष. लंडनच्या मधल्या भागात गाडी नेण्याचा कर, कंजेशन चार्ज, नवानवा सुरू झाला होता, त्या वर्षीची गोष्ट. निवडीचं पत्र आलं आणि तीन आठवड्यांनी हॉस्पिटलचं पत्र आलं. ह्यांच्या उजव्या हाताला बारीक कंप सुटायचा, तो वयाचा नव्हता. पार्किन्सन्स होता. आपल्याकडे ज्याला कंपवात म्हणतात तो.

कंपनीच्या नियमांत एक कलम आहे. मास्टरनं आपली सगळी कामं स्वतःच्या हातानं करायची, आणि ती जमेनाशी झाली तर खुर्ची सोडायची. हे कलम तोंडपाठ असलेला माणूस म्हणजे मिस्टर ऑर्डवे. सगळ्यांत ज्येष्ठ माजी मास्टर. सहा फूट उंच, काठीसारखे ताठ, आणि त्यांना हसताना कुणी पाहिलेलं नाही.

ह्यांनी मला किचनमध्ये बसवून सांगितलं, "हे बघ सुमन, एक वर्ष. मला हे वर्ष पुरं करायचंय. कुणाची कीव नको आणि कुणाला कळायलाही नको. त्यानंतर तू म्हणशील तिथं गप बसून राहीन."

मी म्हटलं, "बरं." दुसरं काय म्हणणार? तोवर रोज सकाळी शर्टाची बटणं लावून द्यायचं काम माझ्याकडे आलंच होतं. बटणवाल्यांचा मास्टर आणि बटणं लावायला बायको. हा विनोद ह्यांचाच, माझा नाही.

* * *

ऑक्टोबरमध्ये शपथविधी झाला. लांब काळा गाऊन, त्याला फरची कड, गळ्यात सोन्याचा बिल्ला. दोन माणसं पुढून-मागून ओढूनताणून सारखं करत होती. मुंजीतल्या बटूसारखे हे मधे गप्प उभे.

शपथेनंतर मास्टरनं एका जाडजूड वहीत सगळ्यांच्या देखत सही करायची असते, तीही पिसाच्या टाकानं. ह्या दुखण्यात माणसाचं अक्षर बारीक बारीक होत जातं. मला हे तोवर माहीत नव्हतं. पानावर आधीच्या मास्टरांच्या सह्या, एकेकीनं चार ओळींची जागा अडवलेली. त्यांच्याखाली ह्यांची सही मुंगीएवढी.

ऑर्डवेंनी चष्मा लावला, वाकले आणि ती सही बघत राहिले. किती वेळ बघत होते कोण जाणे. मग ताठ झाले आणि म्हणाले, "नम्र हस्ताक्षर आहे, मास्टर."

हा टोमणा होता की कौतुक, मला काही कळेना. कॉव्हेंट्रीला परतताना यूस्टन स्टेशनपासून रग्बी स्टेशनपर्यंत ट्रेनमध्ये मी ह्यांना तेच विचारत होते. शेवटी हे कंटाळून म्हणाले, "अगं, इंग्रज माणूस आहे. त्याचं त्यालाही ठाऊक नसेल."

* * *

टेरी हा आमचा बीडल. बीडल म्हणजे आपला चोपदारच. हातात चांदीच्या मुठीची काठी घेऊन मास्टरच्या पुढे चालायचं, दारात उभं राहून नावं पुकारायची, आणि जेवण चालू असताना मास्टरच्या खुर्चीमागे उभं राहायचं. पूर्वी फौजेत सार्जंट होता. मान अशी जाड की गळ्याचं बटण लागताना बघणाऱ्याला धाप लागावी.

पहिल्या डिनरच्या आठवडाभर आधी त्याचा मला फोन. "मॅम, तुमचं नाव मला चुकवायचं नाहीये." मी सावकाश तीनदा म्हणून दाखवलं, त्यानं तीनदा म्हटलं. डिनरच्या दिवशी दारात उभं राहून त्यानं "मास्टर अँड मिसेस करमरकर" असं काही खणखणीत पुकारलं की आमच्या सांगलीतसुद्धा इतकं स्वच्छ कुणी म्हणत नाही.

मी मुद्दाम शाबासकी द्यायला गेले. तर म्हणाला, "मॅम, बायकोनं घराबाहेर काढलं होतं. आठवडाभर बागेत उभा राहून म्हणत होतो. आता शेजाऱ्यांनाही येतं."

* * *

आमच्या हॉलमध्ये जेवणाची सुरुवात सूपनं व्हायची. पहिल्या डिनरला ह्यांचा चमचा ताटलीच्या कडेवर टकटक वाजायला लागला आणि दोन थेंब पांढऱ्या शर्टावर उडाले. मी घाईघाईनं समोरच्या बाईंना त्यांच्या नातवंडांबद्दल विचारलं. नातवंडांचा विषय काढला की जगातली कुठलीही बाई दहा मिनिटं दुसरीकडे बघत नाही. टेरी मागे काठी धरून उभा होता, नजर सरळ समोरच्या भिंतीवर.

दुसऱ्या डिनरला सूप नव्हतं. तिसऱ्यालाही नव्हतं. ख्रिसमसच्या डिनरआधी मुख्य शेफ हात पुसत माझ्याकडे आला. चांगला आडव्या अंगाचा माणूस, पण आवाज अगदी खाली आणलेला. "मॅडम, टेरीनं सांगितलं मला. आधी कल्पना नव्हती, माफ करा. तुमच्या धर्मात सूप चालत नाही ना?"

मी टेरीकडे पाहिलं. तो छतावरचं नक्षीकाम बघत होता.

"नाही चालत," मी म्हटलं. "पूर्वीपासूनच नाही."

घरी हे रोज दोन्ही हातांत वाटी धरून आमटी पीत होते. पण घरी सांडलं तर बघतंय कोण?

जानेवारीत दुसऱ्या एका कंपनीच्या हॉलमध्ये आम्ही पाहुणे म्हणून गेलो. तिथं दोनशे माणसांपुढे सूप, आणि ह्यांच्यापुढे खरबुजाची फोड. मी मनात म्हटलं, बाई बाई, धर्म पसरत चाललाय. आचाऱ्यांची आपसात ओळख असेल, असं तेव्हा मला वाटलं. ओळख बीडलांची असते, हे नंतर कळलं.

* * *

कंपनीची केंटमध्ये दहा छोटी छोटी घरं आहेत. बटणांच्या धंद्यात राबलेली म्हातारी माणसं तिथं भाडं न देता राहतात. मास्टरनं वर्षातून एकदा तिथं जायचं आणि जो सगळ्यांत वयस्कर असेल त्याला स्वतःच्या हातानं चहा ओतून द्यायचा, असा रिवाज. आमच्या वर्षी मिसेस डॉब्ज होत्या. नव्वदी ओलांडलेल्या. तरुणपणी कारखान्यात पुठ्ठ्यावर बटणं शिवायचं काम करायच्या.

किटली जुनी, चांदीची आणि नको तेवढी जड. ह्यांनी दोन्ही हातांनी उचलली तरी धार कपात जाईना. थोडा चहा कपात, बराच बशीत आणि उरलेला टेबलक्लॉथवर. तिथली देखरेख करणारी मेट्रन कापड घेऊन धावली, तर मिसेस डॉब्जनी काठी आडवी धरून तिला थांबवलं. मग कप काढून बाजूला ठेवला, बशी उचलली आणि भुरका मारला.

"माझी आई असाच प्यायची," त्या म्हणाल्या. "कप पाहुण्यांसाठी असतो."

हे म्हणाले, "आमच्या गावाला सगळे असाच पितात."

"मग उभे काय राहिलात? घ्या की तुम्हीपण."

मास्टर खाली बसले, गळ्यातल्या सोन्याच्या बिल्ल्यासकट, आणि दोघं बशीतून चहा प्यायला लागले. दोघांच्याही बश्या थरथरत होत्या. ते माझ्या जरा उशिरानं लक्षात आलं. मिसेस डॉब्जच्या ते आधीच लक्षात आलं होतं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

हे खोटं बोलतील असं मला वाटलं. पण नाही बोलले. "दीड वर्ष झालं," म्हणाले.

"मला अकरा झाली." त्यांनी बशी खाली ठेवली. "पहिली दहा जरा जड जातात."

हे मोठ्यानं हसले. त्या पत्रानंतर पहिल्यांदाच मी ह्यांना इतकं मोकळं हसताना ऐकलं. परतताना गाडीत हे हसतच होते, आणि मी खिडकीकडे तोंड करून रडत होते.

* * *

फेब्रुवारीत ऑर्डवेंची बायको गेली.

कंपनीकडे एक फार जुनं मखमलीचं कापड आहे. काळं, त्यावर जर. माजी मास्टर किंवा त्याची बायको गेली की चर्चमध्ये शवपेटीवर ते घालतात. दुसऱ्या कंपन्यांकडेही अशी कापडं आहेत, पण ती नुसती पसरतात. आम्ही पडलो बटणवाले. आमच्या कापडाला चार कोपऱ्यांवर चार चांदीची बटणं, आणि ती मास्टरनं एकट्यानं लावायची, सगळे उभे असताना.

आदल्या दिवशी ह्यांनी सोफ्याच्या उशीवर सराव केला. मी तिथं बसले नाही, स्वयंपाकघरात उगाच कोथिंबीर निवडत राहिले. ती आधीच निवडून झालेली होती.

चर्चमध्ये हाडं गोठवणारी थंडी. ह्यांनी हातमोजे काढून मला दिले आणि पुढे गेले. पहिल्या कोपऱ्याशी एक गुडघा टेकून बसले. पहिलं बटण लागलं. दुसऱ्याला वेळ लागला. ऑर्गन वाजवणाऱ्यानं धून संपवली, पुन्हा सुरू केली, पुन्हा संपवली आणि मग त्यालाही काय करावं कळेना, तो थांबला. एवढ्या माणसांत फक्त कापडाची सळसळ ऐकू येत होती. तिसरं बटण हातातून निसटलं. पुन्हा घेतलं, पुन्हा निसटलं. माझे हात असे शिवशिवत होते की शेवटी मी हातमोज्यांची गुंडाळी करून घट्ट धरून ठेवली. ज्या माणसानं आयुष्यभर लाखोंनी बटणं काढली, त्याला एक बटण लागत नव्हतं, आणि ते दोनशे माणसं बघत होती.

पलीकडून एक जण मदत करायला पुढे सरकला. ऑर्डवेंनी त्याच्याकडे न बघता फक्त एक बोट वर केलं. तो जागच्या जागी थांबला.

चौथं बटण लागलं. हे पेटीची कड धरून उठले, मान लववून मागे सरकले. चर्चबाहेर सगळे ऑर्डवेंना भेटत होते. आमची पाळी आली तेव्हा मी ह्यांच्या अर्धं पाऊल मागेच राहिले. आता हे गृहस्थ काय बोलतात, हीच भीती. त्यांनी ह्यांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"तिला जन्मभर सगळ्यांनी घाई केली," ते म्हणाले. "सगळ्यांत जास्त मी. आज तुम्ही केली नाहीत."

मग छत्री उघडून गाडीकडे गेले.

* * *

आमची मीनल बेसिंगस्टोकला असते, कॉम्प्युटर कंपनीत. जन्म कॉव्हेंट्रीचा, त्यामुळे तिचं मराठी तिच्या स्वतःच्या नियमांनी चालतं. जूनमध्ये हे हॉलच्या पायऱ्यांवर घसरून पडले. आम्ही बाहेर सांगितलं, पाऊस होता. पोरीला कसं फसवणार? ती शनिवारी सकाळी दारात हजर.

"आई, बाबाचा तब्येत बघ जरा. किती वीक झाला आहे. आणि तू काय करते? टाय बांधून देते."

"तूच सांग तुझ्या बाबांना," मी म्हटलं. "माझं ऐकायचं त्यांनी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सोडलं."

ती आत गेली, रडली, चिडली. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मिनू, तू गाडी चालवायला शिकलीस तेव्हा शेजारी कोण बसायचं?"

"तू."

"काही बोलायचो?"

"नाही. डोळे मिटून बसायचा."

"तसं बस," हे म्हणाले.

बसेल तर ती ह्यांची मुलगी कसली? सोमवारी तिनं आमच्या नकळत कंपनीच्या ऑफिसला फोन केला आणि दुखण्याचं नाव घेऊन सगळं सांगून टाकलं. बाबांना आता मोकळं करा म्हणाली. मंगळवारी ऑर्डवेंचा फोन आला, आणि तो मी घेतला.

"मिसेस करमरकर, तुमच्या मुलीनं काल ऑफिसला फोन केला होता. मी तिथंच होतो, मीच घेतला."

संपलं, मी मनात म्हटलं. आठ महिने झाकून ठेवलेलं सगळं उघडं पडलं.

"लाइन फार खराब होती," ऑर्डवे म्हणाले. "मला एक अक्षर ऐकू आलं नाही."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"मात्र एक सांगून ठेवतो. मास्टरच्या शेवटच्या डिनरला लव्हिंग कप असतो. तो त्यांनाच उचलावा लागेल, मदत चालत नाही. तो उचलल्याशिवाय मास्टरचं वर्ष पुरं झालं असं आम्ही धरत नाही. मी जुन्या वह्या काढून बघितल्या. पळवाट नाही." आणि फोन ठेवला.

पळवाट शोधायला ह्या माणसानं पाचशे वर्षांच्या वह्या उपसल्या होत्या, हे माझ्या डोक्यात शिरायला दुपार झाली.

* * *

आता हा शेवटचा. नंदिनीकडेही हा मी सगळ्यांत शेवटी सांगितला.

लव्हिंग कप म्हणजे चांदीचा मोठा पेला. दोन बाजूंना दोन कान, वर झाकण, आत मसाला घातलेली वाइन. आमच्या हॉलमधला भरल्यावर पाण्याच्या कळशीएवढा जड होतो. तो पिण्याचा एक रिवाज आहे. म्हणतात की फार पूर्वी एका राजाला पेला तोंडाला लावलेला असताना मागून भोसकलं. तेव्हापासून एक जण प्यायला लागला की दोघं त्याला राखतात. एकानं समोर उभं राहून झाकण उजव्या हातानं उचलून वर धरायचं, म्हणजे त्याचा खंजिराचा हात अडकला. दुसऱ्यानं पिणाऱ्याच्या पाठीला पाठ लावून बाहेर तोंड करून उभं राहायचं. दुसऱ्यांच्या हॉलमध्ये पेले लहान असायचे, आणि मी झाकण धरता धरता डाव्या हातानं खालून हळूच आधार द्यायची. आमच्या हॉलमध्ये पहिला घोट मास्टरचा, एकट्याचा, आणि सगळे बसून त्याच्याकडे बघत असतात.

त्या संध्याकाळी झाकण माझ्याकडे होतं आणि पाठ राखायला ऑर्डवे. ह्यांनी गोळीची वेळ भाषणांचा हिशोब करून ठरवली होती. गोळी घेतल्यावर तासभर हात बरा चालायचा. पण मुख्य पाहुणे बोलायला उभे राहिले ते बसेनातच. ठरल्यापेक्षा वीस मिनिटं जास्त बोलले. ह्यांचा हात टेबलाखाली सुरू झाला, मग कोपरापर्यंत आला, मग खांदा. मी बघत होते, आणि पाहुणे त्यांच्या शाळेतल्या क्रिकेटबद्दल सांगत होते.

शेवटी टेरीनं काठी आपटली. हे उठले. मी झाकण उचलून वर धरलं. ह्यांनी दोन्ही कानांना हात घातले आणि पेला टेबलावर खडखडायला लागला. उचलला जाईना. वाइन हिंदकळून ह्यांच्या मनगटावर आली. एकशेऐंशी माणसं बघत होती.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मराठीत, अगदी हळू म्हणाले, "सुमन, होत नाही गं."

माझा उजवा हात वर अडकलेला. डावा पुढे गेला होता, मी तो मागे घेतला. कसा घेतला, माझं मला माहीत.

ऑर्डवे अजून वळले नव्हते. त्यांनीही बघितलं. मग त्या माणसानं, ज्याचा आवाज इतक्या वर्षांत कुणी चढलेला ऐकला नव्हता, पूर्ण हॉलला ऐकू जाईल असा हुकूम दिला, "लिव्हरीमेन, मास्टरची पाठ राखा."

आणि स्वतः वळले.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. पाठ एकानं राखायची असते, सगळ्यांनी नाही. मग टेरीनं काठी तीनदा आपटली आणि टाचेवर वळून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. एका टेबलावर खुर्च्या सरकल्या, मग दुसऱ्या, मग सगळ्या. सगळे उठले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. वकील वळले, पायलट वळला, त्यांच्या बायका वळल्या. ते लांबण लावणारे पाहुणे छातीवरच्या पदकांसकट वळले. भिंतीच्या कडेचे वेटर हातात ट्रे घेऊन वळले. मला समोर सगळ्या हॉलभर फक्त पाठी दिसत होत्या.

ह्यांनी पेला छातीशी ओढला, हनुवटी खाली नेली आणि उचलला. थरथरत, सांडत, शर्टाची छाती लाल करत उचलला, आणि प्यायले. एक घोट, दोन घोट, तीन. बराच वेळ लागला. कुणीही मान वळवली नाही. कुणी खोकलंसुद्धा नाही. मग पेला टेबलावर ठेवून ह्यांनी रिवाजाप्रमाणे त्याची कड नॅपकिननं पुसली, सावकाश, पूर्ण गोल. मी झाकण ठेवलं. नॅपकिन घेऊन मी ह्यांची हनुवटी टिपली आणि गाऊनच्या दोन्ही कडा पुढे ओढून शर्ट झाकला.

"थँक यू," हे म्हणाले, नेहमीच्या आवाजात.

सगळे वळले, बसले आणि बोलायला लागले. पेला पुढे गेला, एकाकडून दुसऱ्याकडे. ऑर्डवे माझ्या बाजूला येऊन बसले, अक्रोडांची बशी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "घ्या, यंदाचे चांगले आहेत."

आठवड्यानं त्या डिनरचा अहवाल पोस्टानं घरी आला. खाली ऑर्डवेंची सही होती. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, "लव्हिंग कप नेहमीच्या रिवाजाप्रमाणे फिरवण्यात आला."